भोंग्याचं कलम

प्रांतसभेत निवडून येऊन तीन वर्षं उलटली तरी बाईंची एक सवय सुटली नव्हती. सगळे गप्प झाल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नसत. सभागृहात कुजबुज चालू असली की त्या आपल्या बाकापाशी नुसत्या उभ्या राहत, चष्म्यावरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघत, आणि कुजबुज आपोआप विरून जाई. याचं कारण सोपं होतं. बाईंनी सगळा जन्म पाचवीच्या मुलांना शिकवण्यात घालवला होता, आणि समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कधी ना कधी त्यांच्या वर्गात होते. माणूस मंत्री झाला तरी ती नजर विसरत नाही.

त्यांतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा विद्यार्थी आता विरोधी पक्षाचा नेता होता. शाळेत त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कानात काही सांगायला लागला तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जाई. वर्तमानपत्रं त्याच्याबद्दल मोठे मोठे शब्द वापरत. प्रांतसभेच्या चहाघरात मात्र तो भोंगाच होता.

यंदा बाईंनी स्वतःचं एक विधेयक आणलं होतं. बोलायला उभ्या राहिल्या की दर वेळी त्यांना पहिलं वाक्य तेच म्हणावं लागे, "या विषयात माझा घरगुती संबंध आहे, माझी नात व्हीलचेअर वापरते." सभेचा तसा नियमच होता. ज्याचं स्वतःचं काही अडकलंय त्यानं ते आधी उघड सांगायचं. बाईंनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की मागच्या बाकांवरचे सदस्य त्यांच्याबरोबर ओठ हलवायला लागले होते.

नातीला घरात टिटवी म्हणत. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्या तोंडाला विश्रांती नसे. गल्लीच्या टोकाला असलेल्या लहान शाळेत तिला रोज कुणीतरी खुर्ची ढकलत नेऊन सोडी. पण उन्हाळ्यानंतर तिला मोठ्या शाळेत जायचं होतं. मोठी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर. तिथे शाळेची बस जाई, आणि त्या बसला तीन उंच पायऱ्या होत्या. बसवाल्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, मुलीला उचलून घेणार नाही, पडली बिडली तर जबाबदारी कुणाची? टिटवीचा बाबा वेल्डर, पहाटे कारखान्याच्या गाडीनं जाई. आई दवाखान्यात रक्त तपासायचं काम करी, तिचीही सकाळचीच पाळी. दुसरा मार्ग एकच होता. परगावी एक निवासी शाळा होती, तिथे रॅम्प होते, लिफ्ट होती, सगळं होतं. फक्त घर नव्हतं. त्यांनी टिटवीसाठी एक जागा राखून ठेवली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत हो की नाही ते कळवा म्हणून सांगितलं होतं.

"मला चालेल की," टिटवी म्हणाली होती, आणि त्या दिवशी जेवताना ती एक अक्षर बोलली नव्हती. सुनेनं सासूकडे बघितलं, सासूनं ताटाकडे. त्या आठवड्यातच बाईंनी विधेयक लिहायला घेतलं.

"आजी, इतकं काय लिहायचंय त्यात?" टिटवीनं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खुर्ची लावत विचारलं. "सरळ लिहा, सगळ्या बसना रॅम्प पाहिजे. एका ओळीत काम."

"तसं नाही ग करता येत आम्हाला."

"का? तुम्हीच कायदे करता ना?"

बाईंना असा प्रश्न विचारणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवणं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुझ्या खोलीचं बघ. भिंतीवर कसली चित्रं लावायची, पुस्तकं कुठे ठेवायची, कुणी आत यायचं, हे कोण ठरवतं?"

"मी."

"आणि मधली भिंत पाडायची असली तर?"

"बाबा ओरडतील."

"का ओरडतील? खोली तुझी ना?"

"खोली माझी, पण घर सगळ्यांचं. भिंत पडली तर वरचं छप्परही पडेल."

"झालं तर! राजधानीतल्या मोठ्या संसदेनं आपल्या प्रांताला अशीच एक खोली दिली. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, झाडंझुडपं, हे तुमचं. तुमच्या सभेत बसा, भांडा, कायदे करा, आम्ही आत डोकावणार नाही. पण सैन्य, नोटा, रेल्वे, आणि गाड्या कशा बांधायच्या, हे सगळ्या देशात एकच राहील. ते आमच्याकडे."

"म्हणजे बस ही भिंत आहे," टिटवी म्हणाली.

"बस ही भिंत आहे."

"मग मी चढणार कशी?"

"शाळा आपली आहे ना! आपण बसला काही सांगायचंच नाही. आपण शाळेला सांगायचं, बये, भाड्यानं बस घेशील तर रॅम्प असलेलीच घे. नाहीतर घेऊ नकोस. बसवाल्याला धंदा हवा असेल तर तो आपणहून रॅम्प लावेल."

टिटवीनं थोडा वेळ विचार केला. "चलाखी आहे ही."

"चलाखी नाही, कायदा आहे."

"तेच म्हणतेय मी."

विधेयक अगदी तसंच लिहिलं गेलं. लिहून दिलं ते प्रांतसभेच्या मसुदेकारानं. हा किडकिडीत माणूस स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणातही 'अथवा' आणि 'किंवा' यांत गोंधळ नको म्हणून दोन दिवस अडून बसला होता असं लोक सांगत. सभेत विधेयक येतं तेव्हा दारावरच त्याची झडती होते. अध्यक्ष सही करून सांगतात की यातलं सगळं आपल्या अधिकारातलं आहे. बाईंचं विधेयक या झडतीतून आरामात पार पडलं. पहिल्या चर्चेतही सगळे गोड बोलले, अगदी भोंगासुद्धा. मग ते समितीकडे गेलं. समितीचं काम म्हणजे एकेक कलम हातात घेऊन त्याच्या शिवणी उसवून बघणं.

घोटाळा झाला तो तिथे, आणि तो वाइटातून नाही, चांगुलपणातून झाला.

समितीनं काही घरांतल्या माणसांना बोलावून त्यांचं ऐकलं. एका आईनं सांगितलं, एका आंधळ्या पेटीवादकानं सांगितलं, शाळेच्या शिपायानं सांगितलं. ऐकता ऐकता सगळ्यांचे डोळे भरून आले. तेव्हा भोंगा उठला. "फक्त शाळेच्याच बस का? म्हाताऱ्या माणसांनी काय पाप केलंय? या प्रांतात धावणाऱ्या प्रत्येक बसला रॅम्प असलाच पाहिजे, असं एक कलम मी सुचवतो!" खिडकीची तावदानं हादरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीच्या अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. विधेयक त्यांचं, तेव्हा त्यांचं मत पहिलं.

आणि ज्या बाईंनी टिटवीला भिंत आणि खोली इतकी छान समजावून सांगितली होती, त्याच बाई म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही. आनंदच आहे."

त्या दिवशी मसुदेकाराचे डोळे आले होते. तो घरी काळा चष्मा लावून बसला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाला वाटलं, एवढे सगळे एकमतानं हो म्हणताहेत तर ठीकच असेल. शिवाय सभेच्या रीतीत एक फट होती. विधेयक दारातून आत येताना झडती होते, पण आत आल्यावर त्याला कोण काय भरवतं याची झडती होत नाही.

डोळे बरे झाल्यावर मसुदेकार कामावर आला, नवं कलम वाचलं, आणि जिना चढून धापा टाकत बाईंच्या खोलीत आला.

"बाई, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"प्रत्येक बस! बाई, प्रत्येक बस!"

बाईंना एका क्षणात सगळं दिसलं. इतकी वर्षं त्यांनी पोरांना बजावलं होतं, उत्तर येतंय म्हणून प्रश्न न वाचता लिहू नका.

"आता काय होईल?" त्यांनी विचारलं.

"हे कलम तसंच राहून विधेयक मंजूर झालं, तर ते राष्ट्रप्रमुखांच्या सहीला जाण्याआधी काही आठवडे थांबतं. तेवढ्यात राजधानीतले कायदा अधिकारी ते वाचतात. त्यांना वाटलं की प्रांतानं हद्द ओलांडली, तर ते कोर्टात जातात. एकदा कोर्टात गेलं की एकट्या कलमाचं भागत नाही, अख्खं विधेयक अडकतं. वर्ष जाईल, दोन जातील."

"आणि शाळेच्या बसचं?"

"तेही त्याच पोत्यात."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर एक बस थांबली होती आणि माणसं एकेक पायरी चढत होती. सुट्टी जवळ येत चालली होती. वर्षभरानं येणाऱ्या कायद्याचा टिटवीला काय उपयोग? तोवर ती परगावच्या वसतिगृहात सहा जणींच्या खोलीत झोपत असेल आणि बोलायला कुणी नाही म्हणून गप्प राहायला शिकली असेल.

"काढायचं ते कलम," बाई म्हणाल्या. "शेवटच्या फेरीत मीच दुरुस्ती मांडते."

"भोंगा ऐकेल?"

"न ऐकून सांगेल कुणाला," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

शेवटच्या फेरीत सगळी सभा एकत्र बसून दुरुस्त्यांवर मत देते, आणि मग अख्ख्या विधेयकावर. बाई उठल्या. घरगुती संबंधाचं वाक्य म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "समितीत मी ज्या कलमाला आनंदानं हो म्हटलं, ते काढून टाका अशी मी विनंती करते. चूक माझी आहे. गाड्या कशा असाव्यात हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही."

भोंगा ताडकन उठला. "अध्यक्ष महाराज! सन्माननीय सदस्या आम्हाला लहानपणी सांगायच्या, घाबरायचं नाही. आज त्या स्वतः राजधानीला घाबरल्या! ही आपली सभा आहे की त्यांचं दुकान? दर वेळी त्यांचं तोंड बघूनच आपण पेन उचलायचं का? जाऊ देत की कोर्टात! लढू!"

त्याच्या बाजूच्या बाकांनी टेबलं बडवली. बाईंच्या बाजूचेही दोघे तिघे मान डोलवायला लागले. हद्दीचा विषय निघाला की या सभेत प्रत्येकाच्या नाकावर राग येई. दिलेलं घेऊन गप्प बसायचं, हे कुणालाच आवडत नसे.

मतदान झालं. बटणं दाबली गेली. फळ्यावर दोन्हीकडे सारखेच आकडे उमटले. बाईंच्या पक्षाची एक सदस्या बाळंतपणाला गेली होती, तेवढंच कमी पडलं.

बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक. हे अध्यक्ष मूळचे दातांचे डॉक्टर, बाईंच्या जुन्या ओळखीचे. टिटवीचे पहिले पडलेले दात त्यांनीच तिला डबीत घालून दिले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग लगेच नजर वळवली. त्यांना रीत ठाऊक होती. बरोबरी झाली तर अध्यक्षांनी स्वतःच्या मनाचं ऐकायचं नसतं. सभेनं बहुमतानं बदल मागितला नाही ना? मग समोर जे लिहिलेलं आहे तेच राहू द्यायचं.

"मी दुरुस्तीच्या विरुद्ध मत देतो," अध्यक्ष म्हणाले. "कलम राहील."

आता फक्त अख्ख्या विधेयकावरचं शेवटचं मत उरलं होतं. बाई मनातल्या मनात हिशेब करत होत्या. मंजूर झालं तर कोर्ट. आणि पुन्हा बरोबरी झाली तर त्याच रीतीनं विधेयकच पडणार, कारण आज तसा कायदा नाही, म्हणजे नाहीच राहील. दोन्हीकडे दार बंद. तेवढ्यात मागून मसुदेकारानं खाकरून नियमांच्या पुस्तकातला एक उतारा पुढे सरकवला. बाईंना तो पुरता वाचायची गरज पडली नाही. त्या उठल्या.

"अध्यक्ष महाराज, दुरुस्त्या संपल्यावर आणि शेवटच्या मताआधी, विधेयकाची जबाबदारी असलेल्या सदस्याला थोडा वेळ मागता येतो. एखाद्या कलमाबद्दल शंका राहिली असेल तर ती दूर करण्यापुरती नवी दुरुस्ती आणायला. मी वेळ मागते."

"उद्या दुपारपर्यंत सभा तहकूब," अध्यक्ष इतक्या चटकन म्हणाले की जणू वाटच बघत होते.

दाराशी त्यांनी बाईंना गाठलं. "बाई, माफ करा."

"माफी कसली? तुम्ही दुसरं काही केलं असतंत तर मीच उठून बोलले असते," बाई म्हणाल्या आणि चहाघराकडे चालू लागल्या.

भोंगा कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला होता. विजयी माणसासारखा तो दिसत नव्हता. बाईंना बघून तो अर्धा उठला.

"बस, बस," बाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "उठून उभं राहायला काय मी हजेरी घेतेय?"

"बाई, तुम्ही रागावलात."

"रागावले तर आहेच. पण ते नंतर. मला आधी एक सांग, त्या म्हाताऱ्या माणसांचं तुला अचानक काय सुचलं?"

भोंग्यानं कप फिरवला. मग तो बोलला, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज इतका हळू ऐकला. "आमचे दादा बाजाराच्या बसमधून उतरताना पडले. मागच्या वर्षी. पायरी उंच. गुडघा गेला. तेव्हापासून घरातच आहेत. रोज बाजारात जाऊन चार माणसांशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. आता खिडकीशी बसून आमच्याशीच भांडतात."

"मग हे सभागृहात का नाही बोललास? माझ्यासारखं?"

"बापाचं दुखणं चारचौघांत कशाला सांगायचं?" तो म्हणाला. मग जरा चिडून, "तुमच्या नातीला बस मिळेल, बाई. मिळायलाच पाहिजे. पण मग दादांनी घरातच बसायचं? तुमचं कलम अधिकारातलं आणि माझं बाहेरचं, हे बरं आहे!"

बाईंच्या रागाची जागा आता दुसऱ्याच कशानं तरी घेतली होती. इतकी वर्षं शिकवून त्यांना एक कळलं होतं. पोरगं हट्टानं चुकीचं उत्तर धरून बसलं, की त्याच्या मनात प्रश्न बहुतेक खरा असतो.

"बरं, मला एक सांग," त्या म्हणाल्या. "शाळेच्या बसला मी रॅम्प कसा लावायला लावला?"

"शाळेला सांगून."

"बसला सांगितलं?"

"नाही. भाड्यानं घेणाऱ्याला सांगितलं."

"का?"

"बाई, मी काय पाचवीत आहे?"

"मला तरी तसंच दिसतंय. का?"

"कारण शाळा आपली. बस आपली नाही." भोंगा वैतागून म्हणाला.

"आता दादांच्या बसचं सांग. बाजाराची बस कोण चालवतं?"

"कंपनी चालवते कुठलीतरी. निळ्या गाड्या."

"आणि त्या कंपनीला चालवायला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? कंत्राट असतं. प्रांताचं परिवहन मंडळ देतं ते…" आणि भोंगा थांबला. कप तसाच हवेत राहिला. बाई काही बोलल्या नाहीत. अशा वेळी बोलायचं नसतं. मुलाच्या चेहऱ्यावर उजाडत असताना बोलून ते विझवायचं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मंडळ आपलं आहे!" भोंगा ओरडला. चहाघरातली सगळी डोकी वळली. "बाई, मंडळ आपलं आहे! कंपनीला काही सांगायचंच नाही! मंडळाला सांगायचं, कंत्राट द्याल तर रॅम्पवाल्या गाड्यांनाच!"

"हळू. राजधानीपर्यंत गेलं असेल."

"जाऊ दे की! आता काय करतील ते?" तो आनंदानं टेबलावर थाप मारून म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "पण चालू कंत्राट अजून दोन वर्षांचं आहे. नवं होईल तेव्हाच हे लागू होणार. तोवर दादा…"

"हो, तेवढं खरं," बाई म्हणाल्या. उगाच धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

भोंगा डोकं खाजवत बसला. मग एकदम म्हणाला, "थांबे कुणाचे?"

"कसले थांबे?"

"बसथांबे. रस्ते आपले ना? मग थांबेही आपलेच. पायरी खाली येत नसेल तर जमीन वर नेऊ. थांब्याचा ओटा बसच्या दाराएवढा उंच करायचा. निदान बाजाराचा आणि दवाखान्याचा तरी आधी."

हे बाईंच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या हसल्या. "हे तू मला शिकवलंस हं."

"लिहून देता?" भोंगा म्हणाला. "पाचवीत कधी दिलं नाहीत."

त्यांनी मसुदेकाराला तिथेच बोलावलं. तो आला, उभ्यानंच ऐकलं आणि मग खुर्चीत बसला. त्यानं दोघांनाही असे काही उलटसुलट प्रश्न विचारले की भोंग्याला घाम फुटला. मंडळाच्या सगळ्या गाड्या की नव्या? ओटा उंच केला तर छोट्या गाड्यांचं काय? पण शेवटी तो म्हणाला, "यातलं एकही वाक्य बसशी बोलत नाही. सगळी आपल्याच माणसांशी बोलतात. हे टिकेल." एवढं म्हणून त्यानं आपणहून चहा मागवला. चहाघराच्या मालकाला त्याचंच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवी दुरुस्ती मांडली ती भोंग्यानं, बाईंच्या सहीसह. उभं राहिल्यावर तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "या विषयात माझा घरगुती संबंध आहे. माझ्या वडिलांना बसची पायरी चढता येत नाही." ते त्यानं हळूच म्हटलं असावं. तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यावर कुणी हसलं नाही.

जुनं कलम गेलं, नवं आलं, आणि फळ्यावर विरुद्ध मताच्या खाली रिकामी जागा राहिली. शेवटच्या मतालाही तसंच झालं. टेबलं वाजली. बाईंनी हात जोडले आणि बसल्या.

तरी अजून सुटका नव्हती. राजधानीतल्या अधिकाऱ्यांचे ते काही आठवडे उरले होते. मसुदेकार म्हणाला होता की टिकेल, पण तो काही राजधानीत बसत नव्हता. निवासी शाळेकडून दोनदा विचारणा झाली. सुनेनं दोन्ही वेळा आणखी थोडा वेळ मागून घेतला. टिटवी घरात शहाण्यासारखी वागत होती. ते बघूनच सगळ्यांना धडकी भरे.

एका दुपारी बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा फोन वाजला. मसुदेकार होता. त्यानं नेहमीप्रमाणे आधी तारीख सांगितली, मग विधेयकाचं पूर्ण नाव, मग मुदत संपल्याचं. बाईंच्या हातातली ओली चादर जड व्हायला लागली.

"अहो, पण काय झालं ते सांगा ना!"

"काही झालं नाही," मसुदेकार म्हणाला. "तेच सांगतोय. राजधानीतून कळवलंय की त्यांची काही हरकत नाही. कोर्टात कुणी जात नाही. विधेयक सहीला गेलं. आणि टेकडीवरच्या शाळेनं सहीची वाटही बघितली नाही, रॅम्पवाल्या बससाठी कालच विचारणा केली म्हणे."

बाईंनी चादर दोरीवर टाकली, तिचा एक कोपरा तसाच लोंबत राहिला. इतक्या आठवड्यांचा छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. जिना उतरताना त्या दोनदा थांबल्या. वयामुळे नाही, हसू येत होतं म्हणून.

खाली सून कामावरून येऊन नुकतीच पाणी पीत होती. सासूचा चेहरा बघून तिनं भांडं खाली ठेवलं. "आई?"

"फोन लाव," बाई म्हणाल्या. "त्या शाळेला."

सुनेला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले, नंबर लावला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. आमच्या मुलीसाठी जागा ठेवली होती ना तुम्ही… हो, तीच. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही, तक्रार काही नाही. तिला इथली बस मिळाली."

आतल्या खोलीतून टिटवीची खुर्ची दाराशी येऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आधी ती आईकडे बघत राहिली, मग आजीकडे. आणि मग इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. बसमध्ये खिडकीची जागा कुणाला मिळते, रॅम्प आवाज करतो का, मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत बोलायला बंदी नसते ना, ओटा उंच केलेल्या थांब्यावर तिलाही जाता येईल का, आणि त्या मोठ्या आवाजाच्या काकांना एकदा घरी बोलवता येईल का.

"एकेक विचार ग बाई," सून हसत रडत म्हणाली.

"विचारू दे सगळे एकदम," बाई म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसल्या. "आज मला कुठे जायचं नाहीये."